कॉफीला व्हिसा लागत नाही

मोबाइल टेबलावरच राहू द्या. जिथं जायचंय तिथं त्याचा उपयोग नाही. आधार कार्ड, पॅन कार्ड, सगळं काढून ठेवा. पाकिटात युरो पडले असतील तर तेही ठेवा, ते अजून जन्माला यायचेत. त्याऐवजी ही नोट घ्या, पिवळीधमक, सूर्यफुलाचं चित्र असलेली, पन्नास गिल्डरची. आणि हा पासपोर्ट. गडद निळा, भारताचा, नाव पेनानं लिहिलेलं, फोटो चिकटवलेला. जपा. आज दिवसभर तुमच्यापेक्षा त्याची किंमत जास्त आहे.

आणखी एक. आजच्यापुरत्या तुम्ही बायको आहात. वाचणारे पुरुष असतील त्यांचीही सुटका नाही. मुकाट्यानं बायको व्हायचं, गळ्यात मंगळसूत्र घालायचं आणि पुढं चालायचं. नवरा डच आहे. त्याचं नाव यान. आपल्या भाषेत यान म्हणजे वाहन, तेव्हा कालयानाची वेगळी सोय केलेली नाही. याच्याच दंडाला धरा आणि डोळे मिटा.

उघडा.

डिसेंबर १९९४. नेदरलँड्सच्या नकाशाला खाली एक शेपूट लोंबतं, तो लिम्बुर्ख प्रांत. त्या शेपटाच्या टोकावरचं गाव फाल्स. खिडकीच्या काचेवर आतून वाफ साचली आहे आणि तिचे ओघळ चौकटीवर उतरतायत. खोलीत गॅसच्या हीटरचा कोंदट उबारा. स्वयंपाकघरात काल रात्रीच्या फोडणीचा वास अजून पडद्यांना धरून बसलाय. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी अशाच वासाबद्दल परवा जिन्यात हसत हसत विचारलं होतं. ते हसणं नेमकं कसलं होतं, यावर तुम्ही दोन दिवस विचार करताय.

पाय फरशीवर ठेवलात? थंडी तळपायातून थेट गुडघ्यात गेली ना? आता दोन पायमोजे घाला, एकावर एक. साडी नेसायचा मोह होईल, आज शनिवार आहे आणि बाहेर जायचंय. पण नको. सहा वार साडीवर ओव्हरकोट चढवला की खालून जे उरतं ते या गावात लांबून ओळखू येतं, आणि आज लांबून ओळखू येणं आपल्या सोयीचं नाही. जीन्स, स्वेटर, टोपी. मंगळसूत्र स्वेटरच्या आत.

निघण्याआधी पर्स तपासून घ्या. तसं तुम्ही रोजच करता. दूध आणायला निघालात तरी करता.

पासपोर्ट आहे. त्यात एका पानावर मुंबईत मारलेला शिक्का आहे, या बाईला परदेशी जाताना एमिग्रेशनची तपासणी लागत नाही असं सांगणारा. ‘तपासणीची गरज नाही’ एवढं स्पष्ट लिहिलंय, पण ते वाचून युरोपात आजवर कोणी तपासायचं थांबलेलं नाही. पुढं विवाह नोंदणीचा दाखला. पुण्यात विवाह अधिकाऱ्यासमोर, स्पेशल मॅरेज ॲक्ट १९५४ खाली लग्न केलंत. आधी तीस दिवसांची नोटीस लागली, कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणून. हरकती घरातल्यांच्याच होत्या, पण त्यांनी त्या लेखी दिल्या नाहीत. खाली तीन साक्षीदारांच्या सह्या. मग शाळा सोडल्याचा दाखला. त्यावर जन्मतारीख १ जून. का, ते तुम्हाला माहीत आहे. शाळेत नाव घालताना आजोबांना तारीख आठवेना, तेव्हा मास्तरांनी शाळा सुरू व्हायच्या हिशेबानं १ जून टाकून दिली. तुमच्या थोरल्या भावाचीही १ जून आहे, हे मात्र इथल्या कचेरीत सांगायला जाऊ नका.

कागदांना एक ओळखीचा वास येतोय ना? अमृतांजनची बाटली. झाकण तुम्हीच सैल लावलं होतं. आता तुमच्या लग्नाला, जन्माला आणि नागरिकत्वाला एकच वास आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचा तो चिकटकागद, पासपोर्टच्या पानावर डकवलेला. डच भाषेत त्याचा मथितार्थ असा: बाईंचा राहण्याच्या परवान्याचा अर्ज विचाराधीन आहे. निर्णय होईस्तोवर राहू शकतात. नोकरी करायची नाही. हा कागद मिळवायला तुम्ही पहाटे अंधारात रांगेत उभ्या राहिलात. त्या खात्याचं नाव ‘फ्रेम्डेलिंगेनपोलीत्सी’. अर्थ सरळ आहे, परक्यांचे पोलीस. रांगेत तुमच्यापुढं मोरोक्कोची आजी होती, मागं तुर्की बाप-लेक. सगळ्यांच्या तोंडातून वाफ, सगळ्यांच्या काखेत प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत कागद. आत ऊब होती, ओल्या लोकरीचा वास होता आणि काचेपलीकडं एक सभ्य माणूस होता. त्यानं तुमचे दोन दाखले शेजारीशेजारी ठेवले. शाळेच्या दाखल्यावर मधलं नाव वडिलांचं. पासपोर्टवर मधलं नाव ‘यान’.

‘यान तर तुमच्या नवऱ्याचं नाव आहे,’ तो म्हणाला.

‘हो. आमच्याकडं लग्नानंतर नवऱ्याचं नाव मध्ये येतं.’

‘पण यान पुरुषाचं नाव आहे.’

‘हो. नवरा पुरुषच आहे.’

त्यानं बराच वेळ कागदांकडं पाहिलं. त्याच्या दृष्टीनं तिथं दोन बायका होत्या आणि खुर्चीत एकच बसली होती. डच कचेरीत बाई लग्नानंतरही माहेरच्याच नावानं नोंदलेली राहते. इथं सासरचं नाव लावायला तुम्हाला कोणी भाग पाडत नव्हतं. तुम्ही हौसेनं पुण्यातच लावून आल्या होतात आणि आता ती हौस फाइलमध्ये शंका होऊन बसली.

त्या चिकटकागदावर एक गोष्ट लिहिलेली नाही. तुम्ही देशाबाहेर गेलात तर परत येऊ शकाल की नाही? त्यासाठी वेगळा कागद लागतो, परतीचा व्हिसा. स्वतःच्या स्वयंपाकघरात, स्वतःच्या कुकरपाशी परत यायचा व्हिसा. तो तुमच्याकडं नाही. जर्मनीचाही नाही.

आणि आज यान म्हणतो, ‘चल, आखेनला जाऊन येऊ.’

‘व्हिसा?’

‘कोण बघतंय! लहानपणापासून जातोय मी.’

त्याचं खोटं नाही. आखेन हे मोठं जर्मन शहर फाल्सला इतकं चिकटलेलं आहे, की गावाचा मोठा रस्ता सरळ चालत गेलात तर तो मध्येच नाव बदलतो आणि तुम्ही जर्मनीत असता. तिथंच आखेनच्या शहर बसचा थांबा. फाल्सची माणसं पलीकडं कामाला जातात, पलीकडची माणसं लोणी आणि कॉफी घ्यायला अलीकडं येतात. दोन्हीकडची बोलीसुद्धा जवळजवळ एकच. सासूबाई आखेनच्या बाजारात हुज्जत घालतात ती घरच्याच भाषेत.

चला तर मग. बाहेर धुकं आहे, रस्ता ओला आहे. बेकरीच्या दारातून गरम पावाचा वास, पुढच्या टपरीवरून तळणीच्या तेलाचा. सकाळी अकरा वाजताही इथं कोणीतरी बटाट्याचे काप खातच असतं. समोरून एक जर्मन जोडपं येतंय, दोघांच्या हातात कॉफीच्या पुड्यांच्या पिशव्या. नीट बघून घ्या त्या पिशव्यांकडं. १ जानेवारी १९९३ पासून युरोपातल्या या देशांनी एकमेकांच्या मालावरची सीमेवरची तपासणी बंद केली. कॉफीचा पुडा आता बिनधास्त सरहद्द ओलांडतो. लोणी ओलांडतं, चीज ओलांडतं. माणसांचं मात्र अजून ठरायचंय.

सासूबाई सांगतात, त्यांच्या लहानपणी हे उलटं होतं. युद्धानंतरच्या वर्षांत जर्मनीत कॉफीवर जबर कर होता. इथल्या जंगलांतून पोरंटोरं कोटाखाली कॉफी बांधून आखेनच्या बाजूला पोचवायची. सासूबाईही त्यातल्याच. ‘मी जाऊ शकत होते, कॉफी जाऊ शकत नव्हती,’ असं सांगून त्या खो खो हसतात. तुम्हीही हसता. मग तुमचं हसणं जरा लवकर थांबतं.

ती बघा चौकी. एक छपरी, एक काचेची खोली, दोन झेंडे. आता स्वतःच्या अंगाकडं लक्ष द्या. उजवा हात पर्सवर गेला ना? तुम्ही नेला नाहीत, तो आपसूक गेला. जीभ टाळ्याला चिकटली. चालण्याचा वेग किती ठेवायचा, याचा तुम्ही चक्क विचार करताय. फार हळू चाललं तर घाबरल्यासारखं दिसेल, भरभर चाललं तर पळाल्यासारखं. नजर कुठं ठेवायची? खोलीकडं बघायचं नाही. अगदीच न बघणंही बरं नाही. आणि शेजारी यान शीळ घालतोय. त्याची पावलं जशी होती तशीच आहेत. हाताला हात लागलेला आहे, तरी त्या तळव्यातून तुमची धडधड त्याच्यापर्यंत पोचत नाही.

काचेच्या खोलीतला माणूस सँडविच खातोय. तो मान वर करत नाही.

झालं. तुम्ही जर्मनीत आहात, बेकायदा. यान म्हणतो, ‘बघ, सांगितलं नव्हतं?’

बसमध्ये बसलात की गुडघे थरथरतील. ती थंडी आहे असं सांगा.

आखेनला उतरलात की आधी नाक येतं, मग डोळे. शहराच्या मधोमध खांबांचा एक देखणा मंडप आहे, एलिझनब्रुनन. तिथं जमिनीतून गंधकाचं गरम पाणी येतं. सगळीकडं सडक्या अंड्याचा वास. आजूबाजूचे पर्यटक नाक मुरडतायत, आणि तुमच्या डोळ्यांसमोर वज्रेश्वरीची कुंडं उभी राहतात. ओल्या दगडी पायऱ्या, आईचा हात आणि ‘डोकं बुडव, खरूज जाते’ हा मोठ्या मावशीचा हुकूम. परक्या मुलखात ओळखीचा पहिला वास लागला तो सडक्या अंड्याचा. चालायचंच.

दुसरा वास जरा बरा आहे. कॅथेड्रल आणि टाउन हॉल यांच्यामधल्या चौकात नाताळचा बाजार भरलाय. शार्लमेन बाराशे वर्षांपूर्वी इथून निम्म्या युरोपावर राज्य करत होता. त्याचं संगमरवरी सिंहासन कॅथेड्रलमध्ये आहे, पण आपण आत जाणार नाही, कारण नाक दुसरीकडंच ओढतंय. लाकडी टपऱ्यांवर आखेनचे प्रसिद्ध प्रिंटन मांडलेत, तपकिरी, चौकोनी, कौलासारखे कडक. एक तुकडा मोडून तोंडात टाका. दालचिनी, लवंग, बडीशेप आणि, थांबा, धने! गोड बिस्किटात धने! तुम्ही डोळे मिटून चावताय आणि तोंडात कुणीतरी गोडा मसाला कुटतंय. मागं गरम वाइनची वाफ, पुढं कढईत किसलेल्या बटाट्याची थालिपिठं. त्यांच्यावर सफरचंदाचा गोड लगदा घालून देतात. नाक मुरडू नका, खाऊन बघा. कोपर मारणारी गर्दी, लहान मुलांच्या गळ्यातल्या घंटा, ओल्या लोकरीचे कोट. या गर्दीत कुणी तुमचा पासपोर्ट मागत नाही. मुंबईच्या लोकलनंतर पहिल्यांदाच गर्दीत सुरक्षित वाटतंय.

बाजारामागच्या गल्लीत एका पंजाबी काकांचं किराणा दुकान आहे. दार ढकललंत की हिंग आणि उदबत्ती एकदम अंगावर येतात. यान आल्याआल्या शिंकतो. तूरडाळ घ्या, दोन किलो. काका पिशवी बांधता बांधता विचारतात, ‘व्हिसा है, बेटी?’ तुम्ही गप्प राहता. ते मान डोलावतात. त्यांना सगळं कळलंय.

मग ते गोष्ट सांगतात, काउंटरवर कोपर टेकवून, घरातल्या माणसाबद्दल सांगावं तशी. सुरिंदर सिंग नावाचा आपला एक माणूस. १९८२ मध्ये त्यानं इंग्लंडमध्ये ब्रिटिश बाईशी लग्न केलं. दोघं जर्मनीत येऊन दोनेक वर्षं नोकरी करून गेले आणि धंदा काढायला इंग्लंडला परतले. पुढं संसार मोडला, आणि सरकार त्याला म्हणालं, चल, देश सोड. प्रकरण गेलं लक्झेंबर्गला, युरोपच्या न्यायालयात. १९९२ च्या जुलैत निकाल लागला. आपल्या देशाचा माणूस दुसऱ्या सदस्य देशात नोकरी करून परत आला, तर त्याच्या बरोबरच्या परदेशी जोडीदारालाही युरोपच्या कायद्यानं त्याच्याबरोबर येण्याचा हक्क आहे. हे नवरा-बायको इंग्लंडमधून हललेच नसते तर हा कायदा त्यांना लागूच झाला नसता.

‘समझी?’ काका म्हणतात. ‘तुझा मालक स्वतःच्या गावात बसलाय, म्हणून तू त्या गावच्या कायद्याखाली. तोच शंभर पावलं इकडं राहायला आला, इथं नोकरी केली, तर तू युरोपच्या कायद्याखाली. बायको तीच, नवरा तोच.’

यान हसतो. त्याला ही गंमत वाटते. तुम्ही डाळीच्या पिशवीची गाठ उगाच पुन्हा बांधता.

आता परतीचं. साडेसहा वाजलेत, अंधार कधीच पडला. बस शेवटच्या थांब्याला रिकामी होते. धुकं एवढं दाटलंय की चौकीवरचा दिवा पिवळ्या कापसासारखा दिसतो. डिझेलचा वास, आणि पलीकडून, म्हणजे घराकडून, तळणीचा. छपरीखाली दोघं उभे आहेत, हिरव्या गणवेशात. हे सकाळचे नव्हेत. यांचं सँडविच खाऊन झालंय.

‘आउसवाइस, बिट्टं.’

यान खिशातून पासपोर्ट अर्धा बाहेर काढतो. हिरवा माणूस त्याच्याकडं बघतो न बघतो आणि मान हलवतो. तुमचा पासपोर्ट मात्र तो हातात घेतो. दिव्याखाली नेतो. अंगठा ओला करून पहिलं पान उलटतो, मग दुसरं. एक लक्षात ठेवा, नवऱ्याचा पासपोर्ट बघतात आणि तुमचा वाचतात. तो वाचला जात असताना काय करायचं असतं, हे कुठल्याच शाळेत शिकवत नाहीत. तुम्ही त्याच्या अंगठ्याकडं बघत राहता. नखाखाली शाई आहे. तो चिकटकागदाशी थांबतो. पान नाकाशी नेतो, हुंगतो, आणि गोंधळून तुमच्याकडं बघतो. अमृतांजन.

‘जर्मनीचा व्हिसा?’

नाही.

‘हे तुमचे पती?’

हो. तो तुमच्या बोटांकडं बघतो. अंगठी नाही. तुम्ही घाईनं स्वेटरच्या गळ्यातून मंगळसूत्र बाहेर ओढता, काळे मणी दिव्यात चमकतात. तो विनयानं बघतो आणि थांबून राहतो, पुरावा अजून यायचाय असं समजून. मग तुम्ही दाखला काढता. तो मोठ्यानं वाचतो. ‘स्पेशल मॅरेज.’ भुवई वर जाते. ‘स्पेशल का?’

हे तीस दिवसांची नोटीस, १९५४ आणि पुणे यांसकट समजावून सांगण्याएवढी तुमची जर्मन नाही.

यान मध्ये पडतो, आणि काय होतं बघा. तो गावच्या बोलीत बोलतो. हिरवा माणूस त्याच बोलीत उत्तर देतो. एक वाक्य, दुसरं वाक्य, आणि दोघं हसतात! कशाला हसले? तुम्हाला फुटबॉल हा एक शब्द कळला. दोन देशांचे दोन पुरुष एका बोलीत गप्पा मारतायत, आणि कायद्यानं यातल्या एकाशी बांधलेल्या तुम्ही पर्स छातीशी धरून उभ्या आहात.

शेवटी हिरवा माणूस पासपोर्ट मिटतो. तुम्हाला इथं यायची परवानगी नव्हती, तो सांगतो. आता बाहेर जा.

बाहेर म्हणजे घरी. एवढ्या आज्ञाधारकपणे तुम्ही आयुष्यात कुणाचं ऐकलं नसेल. तीसेक पावलं जाता. तिथं डच बाजूचा, गडद निळ्या गणवेशातला, मिसरूड फुटलेला पोरगा उभा आहे. तो चिकटकागद बघतो आणि अगदी सौम्यपणे विचारतो, ‘परतीचा व्हिसा?’

नाही.

‘मग तुम्ही देशाबाहेर गेलात कशा?’

मागं हिरवा सांगतोय, जा. पुढं निळा म्हणतोय, या कशा? बाकीचे दाखले घरी आहेत. यान म्हणतो, ‘मी पळत जाऊन आणतो,’ आणि खरंच पळत जातो. धुक्यात त्याच्या बुटांचा आवाज विरतो. जाताना त्याला कोणी अडवत नाही.

तुमचं यान तुम्हाला इथं सोडून गेलं.

आता उभ्या राहा. दुसरं काही करता येत नाही. पाय बधिर व्हायला लागलेत, डाळीच्या पिशवीचा बंद बोटांत रुततोय. डावीकडं अंधारात टेकडीची कड दिसते. ती फाल्सरबर्ग, ३२२ मीटर, डच लोकांचा जवळजवळ हिमालय. तिच्या माथ्यावर नेदरलँड्स, बेल्जियम आणि जर्मनी एका दगडाशी भेटतात. पण वर जाणाऱ्या रस्त्याचं नाव आहे चार सरहद्दींचा रस्ता. चौथी कुठली? १८१६ मध्ये जस्ताच्या खाणीवरून भांडण झालं, तेव्हा एवढासा एक तुकडा कुणालाच दिला गेला नाही. तटस्थ मोरेस्ने. शंभर वर्षं तो तसाच राहिला. तिथं माणसं जन्मली, लग्नं लागली, पोरंबाळं झाली, आणि त्यातली कित्येक धड कुठल्याच देशाची नव्हती. १९२० मध्ये तो तुकडा बेल्जियमला मिळाला. म्हणजे या मुलखाला तुमच्यासारखी माणसं नवी नाहीत.

तुम्ही भविष्यातून आलाय म्हणून तुम्हाला आणखी एक गोष्ट माहीत आहे. अजून साडेतीन महिने, की २६ मार्च १९९५ ला या चौकीवरची माणसांची तपासणी उठणार. इथून बस जाईल तेव्हा तिचा वेगही कमी होणार नाही. ज्यांच्याकडं रीतसर राहण्याचा परवाना असेल त्या बायकाही मग व्हिसाशिवाय आखेनला जाऊन प्रिंटन आणतील. पण तुमच्या पर्समध्ये परवाना नाही, परवान्याचा अर्ज आहे. छपरी पाडली तरी तो कागद तोच राहणार.

आपल्याकडं नवी नवरी दारात येते तेव्हा उंबरठ्यावर तांदळाचं माप ठेवतात. उजव्या पायानं ते लवंडायचं, तांदूळ आत सांडायचे, आणि घर तिचं होतं. एकदाच. पुढं भाजी आणायला गेलं तर पुन्हा माप ओलांडायला कोणी सांगत नाही. तुमचं ते माप राहूनच गेलं. लग्न कचेरीत झालं, सासर विमानानं आलं, आणि उंबरठा निघाला असा, दिव्याखालचा, तीस पावलं रुंद. दिवस गेलाय पण घड्याळात अजून रात्र झालेली नाही. घरात नाही, बाहेर नाही. नरसिंहाच्या गोष्टीतली अगदी नेमकी वेळ. दिव्याचा खांबसुद्धा आहे. त्यातून आता कोणी प्रकट झालं तर बरं.

आणि होतं. खांबाच्या उजेडात सासूबाई प्रकट होतात.

एप्रन तसाच, त्यावर कोट, पायात घरातल्या मऊ सपाता, हातात सुतळीनं बांधलेलं पुठ्ठ्याचं खोकं. मागं धापा टाकणारा यान, दाखले घेऊन. दाखल्यांना पुढं यायला वावच मिळत नाही. सासूबाई निळ्या पोराला पहिलं वाक्य ऐकवतात, दुसरं ऐकवतात, मग त्याला ओलांडून सरळ जर्मनीत जातात, हिरव्याला त्याच बोलीत चार गोष्टी सुनावतात आणि परत नेदरलँड्समध्ये येतात. सगळं मिळून दोन मिनिटं. तुम्हाला त्यातले तीनच शब्द कळतात. ‘लाज’, ‘थंडी’ आणि ‘माझी’.

आता एक गोष्ट पाहून ठेवा. सासूबाईंच्या हातात खोकं आहे, पर्स नाही. सपाता घालून आलेल्या बाईच्या खिशात पासपोर्ट नसतो. त्यांच्याकडं या क्षणी एकही कागद नाही, अगदी बसचं तिकीटसुद्धा नाही. त्या या रेषेवरून जाऊन आल्या. त्यांना कोणी काही विचारलं नाही. शेजारी पर्सभर कागद घेऊन तुम्ही उभ्या आहात.

निळा पोरगा कान लाल करून तुमचं नाव एका वहीत लिहून घेतो, मधल्या ‘यान’सकट. सोमवारी कचेरीत जा, तो म्हणतो, पुन्हा असं जाऊ नका, आधी परतीचा व्हिसा घ्या. मग बाजूला सरकतो. ‘या,’ तो म्हणतो. त्या ‘या’मध्ये वाईट काही नाही. तरी तुम्हाला तो ऐकू येतो तो त्याच्याच घरी पाहुण्या आल्यासारखा.

घरापर्यंत कोणी बोलत नाही. जिन्यात यान ‘सॉरी’ म्हणतो. त्याला खरंच वाईट वाटलंय. तुम्ही त्याच्यावर चिडायचा प्रयत्न करता आणि जमत नाही, कारण त्याच्या अंगात ती रेषा नाहीच. डाव्या हातानं लिहिणाऱ्याला उजव्या हाताचं दुखणं कसं कळावं?

आता खरं तर परत फिरायला हवं. तुमचा मोबाइल टेबलावर वाट बघतोय, आणि तुमच्या परतीला व्हिसा लागत नाही. पण एवढं पाहून निघा.

दारापाशी यान किल्ली शोधतोय, या खिशात, त्या खिशात. सासूबाई दमल्यात. त्या खोकं खाली ठेवतात, नेमकं उंबऱ्यावर. त्यांनी मुद्दाम काही केलेलं नाही, सपाता झटकायला त्यांना हात मोकळे हवेत. झाकण थोडं उचललेलं आहे. दुधात शिजवलेल्या तांदळाचा गोड वास येतो. फ्लाय. इकडच्या मुलखातला केकसारखा गोड पदार्थ, आणि सासूबाईंच्या हातचा तो नेहमी एकाच प्रकारचा असतो, तांदळाचा.

किल्ली सापडते. दार उघडतं. आतून ऊब येते, आणि पडद्यांना धरून बसलेली कालची फोडणी.

तुम्ही ओला बूट काढता. दोन पायमोज्यांतला उजवा पाय पुढं करता आणि अगदी हलकेच, खोकं आत सारता. ते फरशीवरून वीतभर सरकतं.

‘काय करतेस?’ यान विचारतो.

‘नोंदणी,’ तुम्ही म्हणता.